देदोंगयोजिदो : काष्ठमुद्रित नकाशा आणि त्याभोवतीची आख्यायिका

(१)

कोरियाच्या पारंपरिक मानचित्रणाचा इतिहास ज्या एका कृतीत पूर्णत्वास पोहोचला असे सामान्यतः मानले जाते, ती कृती म्हणजे १८६१ साली लाकडी फळ्यांवर कोरून छापलेला ‘देदोंगयोजिदो’ हा नकाशा होय. त्याचा कर्ता किम जंग-हो. ‘गोसानजा’ हे त्याचे उपनाम. नकाशाचे एकूण २२ दुमडपट असून ते सर्व उलगडून एकाखाली एक मांडले असता सुमारे ६.७ मीटर उंच आणि सुमारे ४ मीटर रुंद असे कोरियन द्वीपकल्पाचे चित्र तयार होते. एवढी मोठी कृती निर्माण करणाऱ्या माणसाविषयी समकालीन लेखनात मात्र फारच थोड्या ओळी सापडतात. त्याचे जन्मवर्ष, जन्मस्थान आणि मृत्यू यांपैकी कशाचीही निश्चित नोंद नाही. तो प्रतिष्ठित घराण्यातील नव्हता, एवढेच या मौनावरून अनुमानता येते.

चरित्राची ही पोकळी विसाव्या शतकात एका आख्यायिकेने भरून काढली. किम जंग-होने एकट्याने सारा देश तीनदा पायी पालथा घातला, बेकदू पर्वत आठ वेळा चढला, मुलीच्या मदतीने वर्षानुवर्षे फळ्या कोरल्या, आणि अखेर हे सारे राज्यकर्त्यांपुढे ठेवले तेव्हा देशाचे गुपित फोडल्याच्या आरोपावरून त्याला तुरुंगात टाकून फळ्या नष्ट करण्यात आल्या, अशी ती कथा आहे. कथा हृद्य आहे, आणि म्हणूनच ती टिकली. तथापि नकाशा, त्याच्या फळ्या आणि त्यांसंबंधीची समकालीन प्रस्तावनालेखने यांच्या साक्षीने पाहता ती बहुतेक ठिकाणी ढासळते. कथा ढासळल्याने किम जंग-होचे मोठेपण कमी होते काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नकाशाच्या रचनेतच शोधले पाहिजे.

(२)

प्रथम नावाचा विचार करू. ‘दे’ म्हणजे महान आणि ‘दोंग’ म्हणजे पूर्व. ‘महान पूर्व’ हे कोरियाचे स्वतःसाठीचे एक गौरवनाम होते, आणि चीनच्या पूर्वेस असणे हा त्याचा मूलार्थ होता. ‘दो’ म्हणजे चित्र अथवा नकाशा. मधला ‘योजि’ हा शब्द अधिक लक्षणीय आहे. ‘यो’ म्हणजे गाडी, ‘जि’ म्हणजे भूमी. सर्व वस्तुजात आपल्यावर वाहून नेणारी गाडी ती भूमी, ही चिनी विद्यापरंपरेतील जुनी कल्पना या समासात आहे. आपल्याकडील ‘धरा’, ‘धरणी’ या शब्दांत धारण करण्याची जी कल्पना आहे, तिच्याशी हिचे साम्य सहज ध्यानात येईल. फरक एवढाच की तेथे धारण करणारी वस्तू चालती आहे. ‘महान पूर्वेच्या भूमीचा नकाशा’ एवढाच नावाचा सरळ अर्थ. ‘योजि’ हा शब्द भूवर्णनग्रंथ व नकाशे यांच्या नावांत आधीपासून रूढ होता. म्हणजे कृतीला नाव देतानाच कर्त्याने तिला एका चालत आलेल्या परंपरेत बसविले होते.

ही परंपरा दीर्घ होती. १४०२ सालचा जगाचा प्रसिद्ध कोरियन नकाशा आणि १४६३ साली यांग संग-जी व जंग चक यांनी सादर केलेला देशाचा नकाशा ही तिची आरंभीची ठळक उदाहरणे होत. परंतु देदोंगयोजिदोच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो तो अठराव्या शतकातील जंग सांग-गी (१६७८–१७५२). त्याने आपल्या ‘दोंगगुकजिदो’ या नकाशात ‘शंभर री’ अंतर दाखविणारी मोजपट्टी वापरली. ‘री’ हे अंतराचे देशी माप. दहा री म्हणजे सुमारे चार किलोमीटर, असे स्थूलमानाने धरता येते. सपाट प्रदेशात मोजपट्टीची एक लांबी म्हणजे १०० री. परंतु डोंगराळ प्रदेशात, वाट वळणांची असल्यामुळे, तेवढ्याच लांबीस १२० ते १३० री धरावेत, असा त्याचा नियम होता. १७५७ साली राजा यंगजो याने हा नकाशा पाहून त्याची प्रशंसा केली व राजदरबारासाठी त्याची नक्कल करविली. पुढे १७७० साली शिन ग्यंग-जुन (१७१२–१७८१) याने राजाज्ञेवरून सर्व जिल्ह्यांचे नकाशे २० री बाजूच्या समान चौकटींवर बेतून तयार केले. हाच शिन ग्यंग-जुन कोरियन लिपीच्या ध्वनिव्यवस्थेवरील १७५० सालच्या ग्रंथाचाही कर्ता होता, ही गोष्ट भाषाभ्यासकांना कुतूहलाची वाटावी. ध्वनींचे कोष्टक आणि भूमीचे कोष्टक या दोहोंमागे वर्गीकरणाची एकच शिस्त दिसते.

जोसन राजवट नकाशांच्या बाबतीत उदासीन अथवा शत्रुभावी होती, या आख्यायिकेतील गृहीताला एवढ्यानेच मोठा तडा जातो.

(३)

किम जंग-होचे उपलब्ध कार्य १८३४ पासून दिसू लागते. त्या वर्षी त्याने ‘छंगगुदो’ हा चौकटींवर आधारलेला, पुस्तकरूप हस्तलिखित नकाशा सिद्ध केला. त्यास त्याचा मित्र व विचारवंत छ्वे हान-गी (१८०३–१८७७) याने प्रस्तावना लिहिली असून, किम तरुण वयापासून नकाशे व भूवर्णने यांत रमलेला होता, असे तीत नमूद केले आहे. त्याच वर्षी छ्वे हान-गीसाठी पृथ्वीच्या दोन गोलार्धांचा नकाशा लाकडावर कोरण्याचे कामही किमने केले. म्हणजे तो केवळ आराखडे करणारा पंडित नव्हता. त्याला फळी आणि छिन्नी यांची ओळख होती. सोल नगराचा ‘सुसनजनदो’ हा काष्ठमुद्रित नकाशाही त्याच्याच नावावर मांडला जातो. याबरोबरच तो आयुष्यभर भूवर्णनग्रंथ संकलित करीत राहिला. त्यांतील शेवटचा ‘देदोंगजिजी’ हा ३२ खंडांचा ग्रंथ होय.

नकाशासाठीची सामग्री कोठून आली, याचे उत्तर शिन हन या सेनाधिकाऱ्याच्या एका प्रस्तावनेत मिळते. सरकारच्या ‘बिब्यनसा’ या संरक्षणविषयक मंडळातील आणि ‘ग्युजांगगाक’ या राजग्रंथालयातील नकाशे, तसेच जुन्या घराण्यांतून जपून ठेवलेल्या प्रती आपण गोळा केल्या, त्यांची परस्परांशी तुलना केली, अनेक ग्रंथांचा आधार घेतला आणि ते काम किमकडे सोपवून पूर्ण करविले, असा तीतील आशय आहे. किमने काही स्थळे प्रत्यक्ष पाहिली असणे शक्य आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु नकाशाचा मुख्य आधार पायपीट हा नसून पाठचिकित्सा हा होता. एखाद्या प्राचीन ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवून संपादक ज्याप्रमाणे पाठ निश्चित करतो, त्याप्रमाणे किमने भूमीचा पाठ निश्चित केला. उत्तर सीमेकडील भागात नकाशा प्रत्यक्ष भूमीपासून अधिक ढळतो, यावरूनही हेच सूचित होते. जेथे आधारभूत सामग्री दुबळी, तेथे संपादित पाठही दुबळा.

(४)

आता नकाशाच्या रचनेकडे वळू. देशाचे उत्तरेकडून दक्षिणेकडे २२ आडवे थर पाडले असून प्रत्येक थराची उंची १२० री आहे. प्रत्येक थर म्हणजे एक दुमडपट. त्याचे एक पान सुमारे २० सेंटीमीटर रुंद व ३० सेंटीमीटर उंच असून त्यात पूर्व-पश्चिम ८० री आणि दक्षिणोत्तर १२० री एवढा प्रदेश मावतो. पहिल्या भागाच्या आरंभी चौकटींचे एक जाळे छापले आहे : आडव्या ८ आणि उभ्या १२ चौकटी, प्रत्येक चौकट १० री बाजूची. हे जाळे नकाशाच्या पानांवर मात्र काढलेले नाही. वाचकाने ते मनाने त्यांवर पसरावयाचे आहे. दहा री म्हणजे अडीच सेंटीमीटर या हिशेबाने नकाशाचे प्रमाण १ : १,६०,००० येते. ‘री’ची लांबी किती धरावी याविषयी मतभेद असल्याने १ : २,१६,००० असाही आकडा दिला जातो.

या मांडणीचा उपयोग स्पष्ट आहे. सारा देश एकत्र पाहावयाचा तर सर्व पट भिंतीएवढ्या जागेवर मांडावे. प्रवासास निघावयाचे तर लागणारे तेवढेच पट घडी घालून बरोबर न्यावे. ‘छंगगुदो’ हे बांधीव पुस्तक होते, आणि त्यात पानाच्या कडेला तुटलेला प्रदेश जोडून पाहणे अवघड होते. दुमडपटांच्या योजनेने ही अडचण दूर झाली.

मुद्रणाचा निर्णय घेतल्याबरोबर एक नवीन बंधन उत्पन्न झाले. हस्तलिखित नकाशात रंग भरता येतात, बारीक अक्षर लिहिता येते, कडेला टीपा देता येतात. लाकडावर कोरावयाचे म्हणजे एकच शाई, उलटे अक्षर आणि प्रत्येक रेषेमागे श्रम. देदोंगयोजिदोची पूर्वतयारी म्हणून सामान्यतः मानल्या जाणाऱ्या ‘दोंगयोदो’ या हस्तलिखित नकाशात १८,००० हून अधिक नावे आहेत. छापील नकाशात ती साडेअकरा हजारांच्या आसपास आली. अर्थात काय ठेवावे आणि काय गाळावे, हा निर्णय हजारो वेळा करावा लागला. किम जंग-होच्या प्रतिभेची खरी कसोटी येथे लागली.

या कसोटीतून जन्मास आले ते ‘जिदोप्यो’ हे चिन्हांचे कोष्टक. त्यात १४ वर्ग असून पोटभेदांसह २२ चिन्हे आहेत. सेनाठाणी, जिल्ह्याची मुख्य ठाणी, तटबंदीची नगरे, सीमेवरील गढ्या, टपालाच्या घोड्यांची ठाणी, धान्यकोठारे, घोड्यांची कुरणे, इशाऱ्याच्या जाळांची ठाणी, राजसमाधी, गावे, जुनी जिल्हास्थाने, जुन्या गढ्या, जुने डोंगरी कोट आणि रस्ते असे ते वर्ग होत. जिल्ह्याचे ठाणे साध्या वर्तुळाने दाखविले आहे. त्याला तट असल्यास वर्तुळ दुहेरी होते. जाळाच्या ठाण्याचे चिन्ह ज्योतीसारखे आहे.

भाषेच्या दृष्टीने या कोष्टकात घडले ते असे. स्थलनामात एक विशेष अंश व एक जातिवाचक अंश असतो. ‘रायगड’ या नावात ‘राय’ हा विशेष, ‘गड’ हा जातिवाचक. नकाशात गडाचे चिन्ह निश्चित झाले, तर ‘गड’ हे अक्षर प्रत्येक ठिकाणी लिहिण्याचे कारण उरत नाही. कोरियन नकाशावर टपालठाण्यासाठी ‘योक’ आणि कोठारासाठी ‘छांग’ ही चिनी अक्षरे शेकडो वेळा कोरावी लागली असती. चिन्हांनी त्यांची जागा घेतली. जातिवाचक शब्द चिन्हात गेला, विशेषनाम तेवढे अक्षरात राहिले. श्रम वाचले, जागा वाचली आणि वाचकाची नजर अधिक वेगाने चालू लागली. हे कोष्टक म्हणजे नकाशाचे एक आटोपशीर व्याकरण होय, आणि ते लाकडाच्या गरजेतून निर्माण झाले.

हीच काटकसर रेषांतही दिसते. काळ्या एकाच शाईत नदी कोणती आणि रस्ता कोणता हे कसे ओळखावे? किमने नद्या वळणदार व रस्ते सरळ काढले. नावा चालू शकतील अशा नद्यांस दुहेरी रेषा, इतरांस एकेरी. रस्त्यावर दर दहा री अंतरास एक लहान आडवी खूण केली. सपाटीवर या खुणा एकमेकींपासून दूर पडतात, डोंगरात जवळजवळ येतात. कारण घाटातून दहा री चालून गेलेला मनुष्य सरळ अंतराने थोडाच पुढे सरकलेला असतो. जंग सांग-गीने मोजपट्टीच्या नियमात सांगितलेली गोष्ट येथे रस्त्याच्या अंगावरच उमटली. प्रवाशाने खुणा मोजाव्या आणि किती चालावयाचे आहे ते जाणून घ्यावे, एवढी सोय झाली.

पर्वत सुटी शिखरे म्हणून न दाखविता अखंड जाड रेषांनी दाखविले आहेत. उत्तरेच्या बेकदू पर्वतापासून निघालेली मुख्य धार देशाच्या कण्यासारखी दक्षिणेस उतरते आणि तिच्यापासून शाखा फुटतात. रेषेच्या जाडीवरून धारेचे महत्त्व कळते. भूमीत जीवनशक्ती पर्वतधारांतून वाहते, ही त्या देशातील जुनी श्रद्धा यामागे आहेच. परंतु त्याबरोबर व्यवहारही आहे. धार म्हणजे पाणलोटाची सीमा; कोणते गाव कोणत्या नदीच्या खोऱ्यात पडते, हे या रेषांवरून तत्काळ समजते. उंची मात्र कळत नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा मान्य केली पाहिजे.

एक गोष्ट आणखी. ही सर्व नावे चिनी अक्षरांत आहेत. कोरियन लिपी तेव्हा चार शतकांची झालेली होती, तरी राज्यकारभार व विद्वत्ता यांची लिपी चिनीच होती. आठव्या शतकात सिल्ला राजवटीने स्थलनामांस चिनी धर्तीचे द्व्यक्षरी रूप दिल्यापासून लोकांच्या तोंडचे नाव आणि दप्तरातले नाव यांत अंतर पडत गेले. ‘सोल’ हा राजधानीचा लोकरूढ शब्द शुद्ध देशी असून त्याला चिनी अक्षरच नाही; देदोंगयोजिदोत राजधानीसाठी स्वतंत्र पाने आहेत, परंतु ती चिनी नावाखाली आहेत. तेव्हा हा नकाशा लोकांच्या भूमीचा असला, तरी दप्तराच्या भाषेत बोलतो. ही मर्यादा एकट्या किमची नसून त्याच्या काळाची होती.

(५)

आता आख्यायिकेकडे पुन्हा पाहू. १९२५ साली वृत्तपत्रीय लेखनातून तिला प्रसिद्धी मिळाली आणि १९३४ साली जपानी राजवटीने काढलेल्या कोरियन भाषेच्या शालेय वाचनपुस्तकात तिला पाठाचे रूप मिळाले. किमला तुरुंगात टाकणारा म्हणून त्या पाठात देवोनगुन या राजपित्याकडे बोट दाखविले आहे. पाठाचा शेवट विशेष बोलका आहे. रशिया-जपान युद्धात हा नकाशा जपानी सैन्यास अत्यंत उपयुक्त ठरला व पुढे भूमापनाच्या कामीही आला, असे तो सांगतो. आपल्या गुणी माणसाची किंमत कोरियन राज्यकर्त्यांना कळली नाही, ती परकीय राज्यकर्त्यांना कळली, हा बोध लहान मुलांच्या मनावर ठसविण्याची ही योजना होती. कथेत किमचा गौरव आहे. पण तो त्याच्या देशाच्या निंदेसाठी योजलेला आहे. नायकाचा मोठेपणा हाच त्याच्या समाजाविरुद्धचा पुरावा करावयाचा, हे तंत्र परकीय सत्तेच्या पाठ्यपुस्तकांत अन्यत्रही आढळेल. १९४५ मध्ये ती सत्ता गेल्यानंतरही ही कथा दक्षिण कोरियातील शालेय वाचनात दीर्घकाळ चालू राहिली. कारण तिच्यातील वीररस राहिला आणि तिचा हेतू विसरला गेला.

पुरावा काय सांगतो? देवोनगुनचा अंमल १८६४ च्या आरंभी सुरू झाला, आणि त्याच वर्षी देदोंगयोजिदोची दुसरी आवृत्ती निघाली. ‘देदोंगजिजी’त १८६६ साली झालेल्या राजविवाहातील राणीचा उल्लेख आहे, अर्थात तोवर किमचे लेखन चालू होते. त्याचा आश्रयदाता शिन हन याला कसलीही शिक्षा झाली नाही. तो उच्च लष्करी पदांवर राहिला आणि १८७६ साली जपानशी झालेल्या गांगह्वा तहावर कोरियाच्या वतीने त्यानेच स्वाक्षरी केली. नकाशा काढणे हा देशद्रोह असता, तर नकाशे पुरविणारा सेनापती मोकळा राहिला नसता.

आणि अखेरची साक्ष खुद्द लाकडाची. नष्ट झाल्या म्हणून सांगितलेल्या फळ्यांपैकी ११ फळ्या कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या भांडारात असल्याचे १९९५ मध्ये उघड झाले. आणखी एक सुंगशिल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. मूळच्या सुमारे ६० फळ्यांपैकी आज एवढ्याच हाती आहेत. प्रत्येक फळी सुमारे ४३ सेंटीमीटर लांब व ३२ सेंटीमीटर रुंद असून जाडी दीड सेंटीमीटरच्या आसपास आहे. कोरीव काम दोन्ही बाजूंस केलेले आहे; एका बाजूस नकाशाची दोन पाने, म्हणजे एका फळीत चार. लाकूड वाया जाऊ नये याची काळजी त्यात दिसते, आणि छापल्यानंतर केलेल्या दुरुस्त्यांच्या खुणाही दिसतात. जाळाची खूण मात्र नाही. २००८ साली या फळ्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा देण्यात आला.

२०२३ साली जपानमधून कोरियात परत आणलेली एक प्रत या विवेचनाला वेगळीच पुस्ती जोडते. १८६४ च्या आवृत्तीची ही रंगविलेली प्रत असून तिच्यात ‘दोंगयोदो’ या हस्तलिखित नकाशातील मजकूर कोणीतरी कुंचल्याने जागोजागी उतरवून घेतला आहे. मुद्रणासाठी कर्त्याने जे गाळले, ते एका वाचकाने आपल्या उपयोगासाठी पुन्हा लिहून काढले. छापील नकाशाने सर्वांना समान असा सांगाडा दिला, आणि प्रत्येकाने त्यावर आपल्या गरजेचे मांस चढवावे, एवढी जागाही ठेवली. दडपलेल्या, जाळलेल्या कृतीचे हे लक्षण नव्हे. हातोहाती वापरल्या गेलेल्या कृतीचे आहे.

(६)

आख्यायिका बाजूस सारल्यावर जो किम जंग-हो उरतो, तो एकाकी पदयात्री नाही आणि हुतात्माही नाही. तो संपादक आहे, कोरक्या आहे, आणि चिन्हांचा शास्त्रकार आहे. त्याच्यामागे जंग सांग-गीची मोजपट्टी आहे, शिन ग्यंग-जुनच्या चौकटी आहेत, सरकारी दप्तरांतील निनावी लेखकांनी शतकानुशतके जमविलेली नावे आहेत, छ्वे हान-गीची मैत्री आणि शिन हनचा आश्रय आहे. यांतले काहीही त्याने एकट्याने निर्माण केले नाही. पण हजारो नावांतून कोणती राखावी, कोणता शब्द चिन्हात घालावा, नदी वाकवून रस्ता सरळ का ठेवावा, हे त्याने ठरविले. आणि दप्तरात बंद असलेले ज्ञान अनेकांच्या हाती पोहोचेल अशा रूपात आणले. आठ वेळा पर्वत चढण्यापेक्षा हे काम कमी कठीण होते, असे म्हणवत नाही.

परकीय सत्तेने रचलेल्या कथेत देशाविरुद्ध उभा केलेला हा माणूस वस्तुतः आपल्या देशाच्या विद्यापरंपरेतूनच उभा राहिला होता. त्याला त्या परंपरेत परत नेऊन बसविणे हे इतिहासलेखनाचे कर्तव्य ठरते; आणि त्या कामी हजार भावपूर्ण पाठांपेक्षा दोन्ही बाजूंनी कोरलेल्या बारा फळ्या अधिक विश्वसनीय आहेत.